बस लांब उभी आहे

माझ्या कपाटात जुन्या खेळण्यांचा एक संग्रह आहे आणि तो पाहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आधी त्याची किंमत विचारतो. दुसरा प्रश्न ठरलेला असतो : ही सगळी तुमच्या लहानपणची का? याचे उत्तर देताना मी नेहमी अडखळतो, कारण ही खेळणी माझ्या लहानपणची आहेत हे खरे असले तरी ती माझी नव्हती. त्यांतली बहुतेक माझ्या मित्राच्या खेळण्यांची जुळी भावंडे आहेत. आम्ही शेजारी राहत होतो, एकाच वर्गात होतो आणि शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ त्याच्या घरातल्या एकाच फरशीवर पालथे पडून घालवत होतो. शाळेची वर्षे संपण्याआधीच तो आजारपणात गेला. त्याचे नाव मी लिहिणार नाही, तसे त्याच्या घरी मी कबूल केले आहे आणि या लेखनाला त्या नावाची गरजही नाही.

आमच्या खेळाचा मोठा भाग म्हणजे काड्यापेटीएवढ्या खोक्यांतून येणाऱ्या धातूच्या छोट्या गाड्या. या गाड्यांची जन्मकथा मला बऱ्याच उशिरा वाचायला मिळाली. लंडनमध्ये १९४७ साली सुरू झालेल्या लेस्नी नावाच्या कारखान्यात जॅक ओडेल हे कुशल अभियंते होते. त्यांच्या मुलीच्या शाळेचा नियम असा होता की, काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे शाळेत आणता येईल. ओडेल यांनी तिच्यासाठी पितळेचा एक चिमुकला रोडरोलर घडवला आणि त्यातूनच १९५३ मध्ये ‘मॅचबॉक्स’ ही मालिका बाजारात आली. पुढे या मालिकेत १ ते ७५ असे क्रमांक ठरले, जुने नमुने मागे घेऊन त्याच क्रमांकावर नवे येऊ लागले आणि जगभरच्या मुलांना आपल्याकडे कोणता क्रमांक नाही याची चिंता जडली.

या गाड्यांत एक मोठी विसंगती होती. मापाचा निकष गाडीचा नसून खोक्याचा होता. प्रत्येक वाहन त्या ठरावीक खोक्यात मावले पाहिजे, त्यामुळे लंडनची दुमजली बस आणि दोन माणसांची मोटार साधारण एकाच लांबीच्या निघत. संग्राहकांमध्ये याला ‘बॉक्स स्केल’ म्हणतात आणि ही गोष्ट माहीत झाली की ती कोणाला खटकत नाही. मात्र सहा-सात वर्षांच्या मुलाला ती खटकली पाहिजे आणि माझ्या मित्राला ती फारच खटकली. बसमध्ये इतकी माणसे बसणार, तर ती मोटारीएवढी कशी, हा प्रश्न त्याने अनेक मोठ्या माणसांना विचारला आणि ‘खेळण्यातली आहे रे ती’ या उत्तराने त्याचे कधीच समाधान झाले नाही. शेवटी त्याने स्वतःच तोडगा काढला. बस लांब उभी आहे, म्हणून ती लहान दिसते, असा नियम त्याने केला.

हा नियम एकदा केल्यावर तो पाळणे भाग होते आणि तो किती काटेकोरपणे पाळला जाई हे आठवले की मला आजही आश्चर्य वाटते. बस आणि मोटार शेजारी उभ्या करण्यास बंदी होती, कारण बस जवळ आली तर ती मोठी व्हायला हवी होती आणि ते तर शक्य नव्हते. म्हणून बसचा रस्ता खोलीच्या पलीकडच्या भिंतीलगत असे. मोटारीतल्या कोणाला बसमध्ये चढायचे असल्यास त्याने गाडी सोडून फरशीवरून पायी निघावे आणि तिथे पोहोचेपर्यंत त्याने स्वतः लहान होत जावे, अशी व्यवस्था होती. चालणारा माणूस म्हणजे आमची दोन बोटे. बोटे लहान होत नाहीत हा आक्षेप मी घेतला होता. त्यावर त्याने मला करंगळी वापरायला सांगितले.

आज माझ्याकडे तशी बस आहे आणि तशी मोटारही आहे. मी त्या वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवल्या आहेत. येणाऱ्यांना त्यात काही विशेष दिसत नाही आणि मीही सांगायला जात नाही.

तो गेला तेव्हा मोठ्यांनी मला त्या सगळ्यापासून दूर ठेवले. त्यामागचा हेतू चांगलाच होता. परंतु मित्राच्या मृत्यूनंतर मित्राने काय करायचे असते हे कोणीच सांगत नाही, कारण तसे काही ठरलेलेच नसते. आई-वडील, भावंडे, आजी-आजोबा यांच्या दुःखाला घरात आणि घराबाहेर एक मान्य जागा असते. शेजारच्या मुलाच्या दुःखाला ‘पोर आहे, विसरेल’ एवढेच वाक्य वाट्याला येते. शोक या विषयाचे अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशाच दुःखांची सविस्तर मांडणी केली : ज्या दुःखाची उघडपणे कबुली देता येत नाही, जे चारचौघांत व्यक्त करता येत नाही आणि ज्याला समाज आपणहून आधार देत नाही, असे दुःख. ती मांडणी वाचली तेव्हा मला काही नवे कळले असे म्हणता येणार नाही, पण ज्या गोष्टीबद्दल आपण कधी बोललोच नाही तिच्यावर कोणी तरी शांतपणे आणि पद्धतशीर विचार करून ठेवला आहे, याचे बरे वाटले.

त्याची खेळणी पुढे कोणाकोणाला देण्यात आली. लहान मुलांची वस्तू लहान मुलांकडे जावी हे योग्यच होते. माझ्याही घरातली माझी खेळणी यथावकाश गेली. संग्रह करण्याचा विचार मला कित्येक वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर सुचला आणि तोही विचार म्हणून नव्हे. जुन्या वस्तूंच्या एका ढिगात मला ती बस दिसली, मी ती उचलली आणि उलटी करून तिच्या तळावरची अक्षरे वाचली. लहानपणी आम्ही त्या अक्षरांकडे ढुंकूनही पाहिले नव्हते.

खेळणी उलटी करून पाहणे ही संग्राहकाची पहिली सवय असते आणि ती एकदा लागली की सुटत नाही. तळाच्या पत्र्यावर कारखान्याचे नाव, देश आणि बहुधा क्रमांक असतो. नंतरच्या काळातल्या अनेक गाड्यांवर एक सालही असते, पण ते साल साचा तयार झाल्याचे असते, गाडी तयार झाल्याचे असेलच असे नाही. एकच साचा वर्षानुवर्षे वापरला जात असे. नेमका काळ ठरवायचा तर चाकांकडे पाहावे लागते. १९६८ मध्ये मॅटेल कंपनीने ‘हॉट व्हील्स’ आणल्या, त्यांचे आस, म्हणजे चाके जोडणारे दांडे, बारीक होते आणि चाके सुसाट फिरत. त्यांच्यापुढे जुन्या मॅचबॉक्स गाड्या रखडू लागल्या, म्हणून लेस्नीने १९६९ मध्ये ‘सुपरफास्ट’ ही बारीक आसाची चाके आणली. त्यामुळे एकच मोटार जाड आसाची आणि बारीक आसाची अशा दोन अवतारांत सापडू शकते. लेस्नी १९८२ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि ते नाव अनेक हातांतून जात अखेर १९९७ मध्ये मॅटेलकडेच गेले, म्हणजे ज्यांच्याशी शर्यत होती त्यांच्याच तबेल्यात.

तळ पाहण्याचे दुसरे कारण म्हणजे रिबिटे. या गाड्यांचा तळ वरच्या सांगाड्याला रिबिटांनी कायमचा जोडलेला असतो. तो उघडायचा असेल तर रिबिट ड्रिलने उडवावे लागते. रंग उडालेली गाडी कोणी उघडून, रंग खरवडून, पुन्हा नव्यासारखी रंगवली असेल, तर त्या रिबिटाच्या डोक्यावर भोक किंवा स्क्रू दिसतो. अशा कामाला माझा विरोध नाही. काही मंडळी ते फार सुंदर करतात. मात्र नव्याने रंगवलेली गाडी मूळची म्हणून गळ्यात मारणारेही पुष्कळ आहेत, म्हणून भिंग जवळ ठेवलेले बरे.

संग्राहकांमध्ये सर्वांत मान आहे तो ‘मिंट’ वस्तूला, म्हणजे खोक्यातून कधी बाहेरच न निघालेल्या खेळण्याला. खोके मूळचे असेल, त्याची झाकणे दुमडलेली नसतील आणि आतली गाडी कोणा मुलाच्या हाताला लागलेली नसेल, तर तिची किंमत खेळून झिजलेल्या गाडीच्या कितीतरी पट होते. यामागचे गणित मला कळते. मुलांच्या हातून वाचलेली वस्तू दुर्मीळच असणार. तरीही असे खोके हातात घेतले की मला थोडा रागच येतो. या गाडीची कोणाला तरी वाट पाहायची होती, ती कोणाच्या तरी खिशात शाळेत जायची होती, आणि ती गोदामात किंवा फडताळाच्या मागे पडून राहिली. माझ्या संग्रहात जवळजवळ सगळ्या गाड्या झिजलेल्या आहेत. छपराचे कोपरे आणि पुढचा बंपर आधी उघडे पडतात, कारण गाडी उलटते तेव्हा छपरावर आपटते आणि धडकते तेव्हा बंपरवर. दारांच्या कडा बहुधा शाबूत असतात. एका मोटारीच्या तळावर खिळ्याने कोरलेले एक अक्षर आहे. ते कोणाचे आद्याक्षर आहे हे मला कधीच कळणार नाही, पण हे अक्षर कोरणाऱ्याला आपली गाडी दुसऱ्या कोणाच्या गाडीत मिसळेल याची धास्ती होती एवढे निश्चित, म्हणजे त्याच्याशी खेळायला दुसरे कोणी तरी होते.

येथे एक अडचण आहे आणि ती मी टाळू इच्छित नाही. हे ओरखडे माझ्या मित्राचे नाहीत. अनोळखी मुलांच्या हातची झीज मी विकत घेतो आणि तिच्याकडे पाहून मला तो आठवतो, यात काही तरी विचित्र आहे हे मला ठाऊक आहे. पूर्वी तर अशा आठवणींना आजारच मानले जाई. योहानेस होफर या वैद्याने १६८८ मध्ये बाझेल येथे घरापासून दूर असलेल्यांच्या झुरण्यावर प्रबंध लिहिला आणि त्यात ती व्याधी म्हणूनच वर्णिली. आजचे संशोधक तिच्याकडे अधिक सौम्य नजरेने पाहतात. साउदॅम्प्टन विद्यापीठातील टिम विल्डशूट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी लिहून दिलेल्या गतकाळच्या आठवणी तपासल्या, तेव्हा त्यांच्या मध्यभागी बहुधा लिहिणारा स्वतः आणि त्याच्या जवळची माणसे आढळली. नुसत्या वस्तूंच्या आठवणी मागे पडत होत्या. माझा अनुभवही याहून वेगळा नाही. खेळण्याची आठवण म्हणून जे काही मी जपत होतो, त्यातले खेळण्याचे किती आणि माझ्या मित्राचे किती, हे वेगळे करून पाहण्याचे साधन म्हणजे हा संग्रह, असे मला हळूहळू वाटू लागले. वस्तू पुन्हा हातात आली की तिच्यात जे होते ते तिच्यात सापडते. जे सापडत नाही ते त्याने त्यात घातलेले असते.

पण त्याची उदाहरणे देण्याआधी खेळणी टिकवण्याबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण संग्रहाचा निम्मा वेळ त्यातच जातो. धातूची गाडी अमर असते अशी समजूत आहे, ती खरी नाही. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. जस्तात शिशासारख्या अशुद्धीचा अंश राहून गेला असेल, तर धातूच्या कणांच्या सीमांवरून आतल्या आत क्षरण सुरू होते. आधी वस्तू किंचित फुगते, मग तिला तडे जातात आणि शेवटी तिचे तुकडे पडतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक ‘डिंकी’ गाड्या आणि खेळण्यातल्या आगगाड्या अशाच संपल्या. यावर उपाय नाही. हा रोग एका गाडीकडून दुसरीला लागत नाही, एवढाच दिलासा. जिच्या धातूत दोष असतो तीच संपते. कोरड्या आणि स्थिर तापमानाच्या जागी ठेवल्यास शेवट लांबतो. मऊ प्लास्टिकची गोष्ट निराळी. त्यात लवचीकपणासाठी घातलेले द्रव्य वर्षांनुवर्षे बाहेर झिरपत राहते, बाहुल्यांचे हात चिकट होतात आणि मऊ टायर कडक प्लास्टिकच्या डब्यात ठेवले तर डब्याच्या तळाला वितळल्यासारखे खड्डे पडतात. म्हणून टायरखाली मी बिनआम्ल कागदाची पट्टी ठेवतो. पांढऱ्या ठोकळ्यांना उजेडाने पिवळेपणा येतो. तो हायड्रोजन पेरॉक्साइडने घालवता येतो, पण पुष्कळदा परत येतो, आणि पिवळ्या ठोकळ्याने कोणाचे काय बिघडते हे मला अजून समजलेले नाही. घरातल्या लहान मुलांना मात्र मी ही जुनी खेळणी हाताळू देत नाही. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते आणि लहान मुले काहीही तोंडात घालतात. त्यांच्यासाठी खालच्या खणात नव्या गाड्यांचा ढीग आहे आणि त्यांचा जीव त्याच ढिगावर आहे.

माझ्या मित्राच्या हातचे म्हणता येईल असे एकच खेळणे माझ्याकडे आहे. ते मला काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, आपणहून दिले. तो रुबिक क्यूब आहे.

बुडापेस्टमधील वास्तुकलेचे अध्यापक एर्नो रुबिक यांनी हे कोडे १९७४ मध्ये तयार केले आणि १९८० पासून ते जगभर विकले जाऊ लागले. त्याच्या मांडण्यांची संख्या ४३ वर अठरा शून्ये देऊनही थोडी उरेल एवढी आहे, आणि तरीही कोणतीही विसकटलेली मांडणी जास्तीत जास्त २० चालींत सुटते, हे २०१० मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध झाले. माझ्या मित्राचा क्यूब मात्र सुटत नसे. आम्हां दोघांपैकी कोणालाच सोडवण्याची पद्धत माहीत नव्हती, त्यामुळे तो न सुटणे स्वाभाविक होते. पण तो ठामपणे सांगे की, दोष आपला नाही, हा क्यूबच सुटणारा नाही. कोल्ह्याला द्राक्षे आंबट म्हणून सगळे त्याला हसत. एकदा त्याने क्यूब उघडला होता. वरचा थर अर्धवट फिरवून कडेचा एक ठोकळा बोटाने उचकटला की पुढचे ठोकळे सहज निघतात आणि आत मधला सांगाडा दिसतो : सहा दिशांना सहा बाहू, त्यांच्या टोकांना फक्त फिरणारे, जागा न सोडणारे मधले रंग. आतले पाहून झाल्यावर त्याने ठोकळे जसे हाताला येतील तसे पुन्हा बसवले.

मोठेपणी मी क्यूब सोडवायला शिकलो आणि काकूंकडून तो आल्यावर तोही सोडवायला घेतला. खालचा थर लागला, मधला लागला, वरच्या थराचे कोपरे लागले आणि शेवटी एकच कडेचा ठोकळा उलटा राहिला. योग्य जागी, पण उलटा. पिवळा जिथे हवा तिथे निळा आणि निळा जिथे हवा तिथे पिवळा. धडधाकट क्यूबमध्ये असे होऊच शकत नाही. फिरवाफिरवीत कडेचे ठोकळे नेहमी सम संख्येने उलटतात, एकटा कधीच उलटत नाही. उघडलेला क्यूब वाटेल तसा जोडला तर तो सुटण्याजोगा असण्याची शक्यता बारात एक असते, हे गणित क्यूबच्या नादी लागलेल्यांना माहीत आहे. थोडक्यात, तो बरोबर होता. त्याचा क्यूब खरोखरच सुटणारा नव्हता. तो तसा त्यानेच करून ठेवला होता ही गोष्ट वेगळी.

हे दुरुस्त करायला काहीच लागत नाही. तोच एक ठोकळा उचकटायचा, उलटवायचा आणि पुन्हा दाबून बसवायचा. क्यूबच्या नादी लागलेल्या एका भाच्याने ते करून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा मी त्याच्या हातातून तो काढून घेतला आणि थोडा जास्तच जोरात काढून घेतला. आठवणीतून खेळणे वजा करून तो किती उरतो हे पाहण्याची वर सांगितलेली वजाबाकी या एका वस्तूला लागू पडत नाही. येथे खेळण्यातच तो आहे, उलट्या बसलेल्या त्या कडेत. भाच्याला मी दुसरा क्यूब दिला आणि कारण सांगितले. ते त्याला पटले की नाही कोण जाणे, पण त्याने त्या उलट्या ठोकळ्याच्या क्यूबवर कोणकोणत्या मांडण्या करता येतात याची एक यादी करून आणली आणि ती मला फार आवडली.

वजाबाकी सर्वांत स्वच्छ झाली ती व्ह्यू-मास्टरच्या बाबतीत. ज्यांनी तो वापरला त्यांना वर्णनाची गरज नाही, इतरांसाठी सांगतो. विल्यम ग्रुबर हे स्टिरिओ छायाचित्रणाचे वेडे होते. ऑरेगॉनमधल्या गुहा पाहायला गेले असता त्यांची गाठ सॉयर्स या छायाचित्रांच्या कंपनीतल्या हॅरॉल्ड ग्रेव्ह्ज यांच्याशी पडली आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास व्ह्यू-मास्टर लोकांपुढे आला. पुठ्ठ्याच्या गोल चकतीत फिल्मचे १४ इवलेसे तुकडे असतात. समोरासमोरचे दोन तुकडे म्हणजे एकाच दृश्याची डाव्या आणि उजव्या डोळ्याची चित्रे, म्हणजे एका चकतीत सात दृश्ये. दुर्बिणीसारखे ते यंत्र डोळ्यांना लावून उजेडाकडे धरायचे आणि बाजूची कळ दाबायची. खटकन आवाज होऊन पुढचे दृश्य येते. सपाट चित्र नव्हे, खोली असलेले. झाड पुढे, डोंगर मागे, मध्ये हवा.

या यंत्राचा एक गुण असा की ते एका वेळी एकालाच पाहता येते. दुसऱ्याने शेजारी बसून ऐकायचे. आमच्यात तो आधी पाही, कारण यंत्र त्यांच्या घरचे होते, आणि पाहताना मोठ्याने वर्णन करी. आमची आवडती चकती अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीची होती. त्याच्या वर्णनानुसार पहिल्याच चित्रात दरीच्या काठावर लाल टोपीचा एक माणूस पाय खाली सोडून बसला होता. माझी पाळी आली की तिथे खडक असत, सावली असे, खाली कुठे तरी नदीची रेघ असे, पण माणूस नसे. मी तक्रार केली की तो सांगे, तू पाहीपर्यंत तो उठून गेला. दुसऱ्या चित्रात तो माणूस त्याला पाऊलवाटेवर दिसे. माझ्या वेळेला तो वळणाआड गेलेला असे. तिसऱ्या चित्रात त्याची टोपी वाऱ्याने उडाली होती आणि ती पकडायला तो एका खडकामागे उतरला होता. खडक मला दिसत होता, हे मान्य करावे लागले. असा तो माणूस चित्रामागून चित्र दरीत खाली उतरत गेला. पाचव्या चित्राच्या पुढे काय झाले हे मला कधीच कळले नाही, कारण तिथवर आलो की काही ना काही होऊन खेळ मोडे.

तीच चकती मिळवायला मला बराच शोध घ्यावा लागला. पहिली मिळालेली प्रत उत्तरकाळातली होती. १९६६ मध्ये सॉयर्स ही कंपनी जीएएफ या दुसऱ्या कंपनीने घेतली आणि पुढे जी फिल्म वापरली जाऊ लागली तिचे निळे-हिरवे रंग काळाबरोबर उडून सगळे लालसर होते. त्या प्रतीत दरी लाल, आकाश लाल, नदीसुद्धा लाल. लाल टोपीचा शोध घेण्यास याहून निरुपयोगी वस्तू सापडणे कठीण. नंतर सॉयर्सच्या काळातली कोडाक्रोम फिल्मची चकती मिळाली. अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग फार टिकतात आणि ही चकती बहुधा पाकिटातच राहिलेली असावी. आकाश निळे होते. मी सातही दृश्ये उजेडाला धरून पाहिली, नंतर एकेक तुकडा भिंगाखाली पाहिला. माणूस नाही. पाऊलवाटही नाही, जिला मी वाट समजत होतो ती खडकातल्या दोन थरांमधली रेषा आहे. तिसऱ्या चित्रातला खडक आहे.

त्याच्या धाकट्या बहिणीशी माझे अधूनमधून बोलणे होते. ती घरी आली असताना मी तिला ती चकती दाखवली आणि लाल टोपीच्या माणसाची गोष्ट सांगितली. तिने यंत्र डोळ्यांना लावले, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “दादाने मला वेगळेच सांगितले होते.” तिची पाळी आमच्या दोघांच्या नंतर, मी घरी गेल्यावर येत असे, हे मला माहीत नव्हते. तिच्या गोष्टीत माणूस आहे, टोपीही आहे, पण तो दरीत उतरत नाही. तो खाली नदीपाशी राहतो आणि वर चढत येतो. त्याच्याबरोबर एक बकरी आहे आणि ती मधूनच बसून राहते म्हणून त्याला उशीर होतो. तिच्यासाठी चकती सातव्या चित्रापासून उलट क्रमाने सुरू होत असे. त्यामुळे तिला दरीचा तळ पक्का माहीत आहे आणि वरचा काठ माहीत नाही. माझे बरोबर उलटे.

तिचे म्हणणे असे की ही दोन वेगळी माणसे असून मध्यावर, म्हणजे चौथ्या चित्रात, त्यांची गाठ पडायला हवी, आणि दादाने ती मुद्दाम तशी रचली होती. मला ते पटत नाही. माझ्या मते माणूस एकच होता. आधी माझ्यासाठी उतरला आणि मग तिच्यासाठी परत वर निघाला, आणि बकरी त्याला खाली मिळाली. तिने विचारले, मग टोपी उडाली होती ती परत कशी आली? हा प्रश्न बिनतोड आहे. मी म्हटले, तिसऱ्या चित्रातल्या खडकामागे सापडली असेल. ती म्हणाली, तो खडक तर वर चढताना पाचवा लागतो, आणि बकरी तिथे बसली होती, टोपीबद्दल दादा काहीच बोलला नव्हता. दोन्ही गोष्टी मी एका कागदावर लिहून चकतीच्या पाकिटात ठेवल्या आहेत. तिने स्वतःची प्रत वेगळी मागितली असून माझ्या कागदावरची बकरी चुकीच्या रंगाची आहे असे कळवले आहे.